गटाविना संघ: हंट्सव्हिलच्या विद्यापीठीय हॉकीची बेचाळीस वर्षे

अमेरिकेतील विद्यापीठे आपले क्रीडासंघ बंद करताना जी पत्रके काढतात, त्यांत पैशाची टंचाई हे कारण बहुधा पहिल्याच ओळीत असते, आणि ते खोटे नसले तरी पुष्कळदा अपुरे असते. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथील विद्यापीठाने मे २०२१ मध्ये आपला आइस हॉकीचा संघ स्थगित केला, तेव्हा त्या संघामागे बेचाळीस वर्षांचा इतिहास होता, दोन राष्ट्रीय विजेतेपदे होती, आणि जेमतेम वर्षापूर्वीच माजी खेळाडूंनी व चाहत्यांनी आठवड्याभरात पाच लाख डॉलरहून अधिक लोकवर्गणी जमवून त्याला मरणाच्या दारातून परत आणले होते. वर्गणी देणारे लोक, सहा हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील असे क्रीडागृह आणि खेळू इच्छिणारी मुले हे सारे जागेवर असताना हा संघ संपला, तो मुख्यतः त्याच्याशी दरवर्षी खेळण्यास बांधील असलेले दुसरे संघ उरले नाहीत म्हणून. या एका गोष्टीचा उलगडा करायचा, तर अमेरिकी विद्यापीठीय खेळांची रचना आणि दक्षिणेकडच्या एका उष्ण गावात बर्फावरचा खेळ रुजण्याची विलक्षण हकिकत या दोन्हींकडे वळावे लागते.

मराठी वाचकाच्या मनात हॉकी म्हटले की ध्यानचंद, हिरवे मैदान आणि पांढरा चेंडू उभा राहतो. येथे अभिप्रेत असलेला खेळ गोठवलेल्या पाण्याच्या थरावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, रबराची एक काळी जाड चकती प्रतिपक्षाच्या जाळ्यात ढकलण्याचा आहे. गोलरक्षकासह प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एका वेळी मैदानात असतात आणि वेग इतका असतो की दर पाऊण-एक मिनिटाला त्यांना बदलावे लागते. विद्यापीठीय पातळीवर या खेळाचे नियमन नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, ही संस्था करते. तिच्या सभासद संस्थांच्या तीन श्रेणी असून पहिल्या श्रेणीत सर्वाधिक खर्च करणारी, पूर्ण शिष्यवृत्त्या देणारी विद्यापीठे येतात, दुसरीत शिष्यवृत्त्या कमी असतात आणि तिसरीत खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. हंट्सव्हिलचे विद्यापीठ मुळात दुसऱ्या श्रेणीतले होते व आजही आहे. हॉकी हा तेथील एकच खेळ पहिल्या श्रेणीत खेळला जात असे, आणि या विषमतेतून पुढच्या अनेक अडचणी उद्भवल्या.

हंट्सव्हिल हे अलाबामाच्या उत्तर टोकाला, टेनेसी नदीच्या खोऱ्यात वसलेले, एके काळी कापसाच्या व्यापारावर जगणारे गाव. १९५० मध्ये वर्नर फॉन ब्राउन आणि त्यांचे शंभराहून अधिक जर्मन सहकारी तेथील लष्करी शस्त्रागारात अग्निबाण बनवण्यासाठी आणले गेले, १९६० मध्ये नासाचे मार्शल अंतराळ केंद्र तेथे स्थापन झाले, आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ या अग्निबाणाची आखणी तेथेच झाली. या उद्योगामुळे जे अभियंते, तंत्रज्ञ आणि लष्करी नोकर त्या गावात येऊन स्थायिक झाले, त्यांच्यात उत्तरेकडील राज्यांतले लोक बरेच होते, आणि माणसे स्थलांतर करतात तेव्हा आपली देवघरे व आपले खेळ बरोबर नेतात हा अनुभव सार्वत्रिक आहे. १९७५ मध्ये शहराने फॉन ब्राउन यांचेच नाव दिलेले एक भव्य सभा-क्रीडा संकुल उघडले. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, जो रिच नावाच्या स्थानिक वकिलाच्या पुढाकाराने विद्यापीठात हौशी हॉकी संघ उभा राहिला. हौशी म्हणजे असा की ज्याचा खर्च मुख्यतः खेळाडू आणि हितचिंतक उचलतात व ज्याला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा नसतो. तो दर्जा १९८५ मध्ये मिळाला.

ज्या प्रदेशात उन्हाळा चांगलाच तापतो तेथे हा खेळ चालवायचा म्हणजे आधी बर्फ बनवावा लागतो, आणि ते काम वाटते तितके सोपे नाही. क्रीडागृहाच्या काँक्रीटच्या तळाखालून नळ्यांचे दाट जाळे फिरवलेले असते व त्यांतून शून्याखाली थंड केलेले, स्वतः न गोठणारे द्रावण सतत खेळवले जाते. तळ पुरेसा थंड झाला की त्यावर पाण्याचा अगदी पातळ फवारा मारायचा, तो गोठला की दुसरा, मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा, आणि त्यावर पुन्हा पाण्याचे कित्येक थर, असे करत जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीची लादी तयार होते. सामन्याच्या प्रत्येक वीस मिनिटांच्या सत्रानंतर एक अवजड यंत्र तिच्यावरून फिरते, खरवडलेला भुगा उचलते आणि मागे गरम पाण्याची पातळ साय पसरत जाते. त्याच सभागृहात दुसऱ्या दिवशी गाण्याचा जलसा असला, तर बर्फावर उष्णतारोधक फळ्या अंथरून खुर्च्या मांडतात. तळी आपोआप गोठतात अशा मिनेसोटात हा खेळ निसर्ग अर्धा फुकट देतो. अलाबामात त्यातला प्रत्येक घनफूट विजेच्या बिलातून येतो. तरीही हंट्सव्हिलने तो हौसेने चालवला आणि दक्षिणेची हॉकी राजधानी हे बिरुद अभिमानाने मिरवले.

या संघाला आकार दिला तो डग रॉस यांनी. १९७६ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेला हा प्रशिक्षक १९८२ मध्ये हंट्सव्हिलला आला आणि २००७ पर्यंत, म्हणजे पंचवीस हंगाम, तेथेच राहिला. मोठ्या विद्यापीठांच्या नजरेतून सुटलेली, बहुशः कॅनडातली मुले हेरायची, त्यांना अभियांत्रिकीचे शिक्षण आणि भरपूर खेळायची संधी देऊ करायची, हा त्याचा मार्ग होता. १९९० च्या दशकात दुसऱ्या श्रेणीची हॉकी ही जवळजवळ दोन संस्थांची खासगी झुंज झाली होती: १९९४, १९९६, १९९७ आणि १९९८ या चारही वर्षी अंतिम लढत हंट्सव्हिल आणि मिनेसोटातील बेमिजी स्टेट यांच्यात झाली व दोघांनी दोन-दोन विजेतेपदे वाटून घेतली. १९९५-९६ च्या हंगामात तर हंट्सव्हिलने २६ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. बेमिजी हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे.

परंतु दोनच संघ ज्यात खरे बलवान आहेत अशी स्पर्धा फार काळ चालत नाही. दुसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धा १९९९ नंतर बंदच झाली. एखाद्या खेळात आपल्या श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धा नसेल, तर त्या एका खेळापुरते वरच्या श्रेणीत खेळण्याची मुभा एनसीएए देते, आणि तिचा लाभ घेऊन हंट्सव्हिल पहिल्या श्रेणीत गेले. आता मिशिगन, मिनेसोटा, बॉस्टन असली नावे त्याच्या बरोबरीच्या यादीत दिसू लागली. एका हॉकी संघासाठी अठरा पूर्ण शिष्यवृत्त्यांपर्यंत खर्च करण्याची परवानगी असलेल्या जगात त्याने पाऊल टाकले होते. त्या जगात शिरण्याचा दरवाजा मात्र एनसीएएच्या ताब्यात नसतो, तो असतो कॉन्फरन्सच्या ताब्यात.

कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत ठरावीक सामने खेळण्याचा करार केलेल्या विद्यापीठांचा गट. भारतातील आंतरविद्यापीठीय स्पर्धा विभागवार होतात. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते ते नकाशावर पश्चिमेला आहे म्हणून, आणि त्यासाठी त्याला मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची संमती घ्यावी लागत नाही. अमेरिकेत असे स्वयंचलित स्थान कोणालाच नाही. गट हे खासगी करार आहेत, सभासद हवा त्याला घेतात, नको त्याला नाकारतात आणि वाटेल तेव्हा उठून दुसरा गट मांडतात. आइस हॉकीत गटाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर वर्षाचे चौतीसच्या आसपास असलेले सामने बहुतांशी गटातच खेळले जातात आणि जानेवारीनंतर प्रत्येक गट आपल्या अंतर्गत वेळापत्रकात गुंतलेला असल्यामुळे बाहेरच्या संघाला खेळायला कोणी सापडत नाही. दुसरे असे की राष्ट्रीय स्पर्धेत सोळाच संघ घेतले जातात, त्यांत किमान सहा सभासद असलेल्या प्रत्येक गटाच्या विजेत्याला थेट प्रवेश असतो, आणि हंट्सव्हिलसारख्या लहान संघाला हीच एक फट उपलब्ध होती.

ती फट त्याने दोनदा गाठली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज हॉकी अमेरिका या गटाचे ते संस्थापक सभासद होते. बेमिजी, नायगारा, फिंडले, वेन स्टेट, वायुदल व भूदल यांच्या प्रबोधिनी असे गटविहीनांनीच एकत्र येऊन बांधलेले ते घर होते. २००७ मध्ये या गटाचे विजेतेपद मिळवून हंट्सव्हिल राष्ट्रीय स्पर्धेत गेले आणि मानांकनात कितीतरी वर असलेल्या नोत्र दामला त्याने वीस-वीस मिनिटांच्या दुसऱ्या जादा सत्रापर्यंत झुंजवले. सामना २-३ असा गेला, पण रॉस यांच्या कारकिर्दीचा तो शेवटचा सामना शोभून दिसला. २०१० मध्ये पुन्हा तेच घडले, या वेळी ओहायोतल्या मायामी विद्यापीठाविरुद्ध, आणि निकाल १-२. त्या सामन्यात गोलरक्षक होता कॅम टॅलबट. व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत ज्याला कोणीच घेतले नव्हते असा हा ऑन्टारिओचा मुलगा पुढे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनएचएलमध्ये, गेला आणि २०१६-१७ च्या हंगामात ४२ सामने जिंकून त्याने एडमंटन ऑइलर्सचा गोलरक्षणातला विक्रम मोडला.

टॅलबटच्या त्या सामन्याच्या वेळी पायाखालची जमीन मात्र सरकलेलीच होती. भूदलाची प्रबोधिनी पहिल्याच हंगामानंतर गेली, फिंडलेने २००४ मध्ये हॉकी बंद केली, वायुदलाची प्रबोधिनी २००६ मध्ये दुसऱ्या गटात गेली, वेन स्टेटने २००८ मध्ये संघ गुंडाळला. बेमिजीला वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूसीएचए, या १९५१ पासूनच्या जुन्या गटात जागा मिळाली आणि हंट्सव्हिलखेरीज बाकीचे पूर्वेकडील गटात गेले. हंट्सव्हिलने सेंट्रल कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजे सीसीएचए, या मिशिगन-ओहायोकडच्या गटाकडे अर्ज केला होता. २००९ मध्ये तो फेटाळला गेला. २०१० पासून तीन हंगाम हा संघ स्वतंत्र, म्हणजे गटाविना, खेळला. मिळेल त्या तारखेला, मिळेल त्या गावी, बहुधा परक्या मैदानावर खेळायचे आणि विजय हाताच्या बोटांवर मोजायचे, असे ते दिवस होते. राष्ट्रीय स्पर्धेचा मार्ग दिसत नसलेल्या संघात चांगली मुले येत नाहीत, चांगली मुले आली नाहीत की हरणे वाढते, आणि हरणाऱ्या संघाला कोणता गट घेणार? ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यापीठाने संघ पुन्हा हौशी पातळीवर उतरवण्याचे जाहीर केले. गावातून आणि माजी खेळाडूंकडून इतका गलका झाला की डिसेंबरमध्ये नवे अध्यक्ष रॉबर्ट आल्टनकर्च यांनी तो निर्णय मागे घेतला.

त्यानंतर जे घडले त्यात हंट्सव्हिलचे कर्तृत्व थोडे आणि योगायोग फार होता. पेन स्टेट विद्यापीठाला टेरी पेगुला या उद्योगपतीने हॉकीसाठी ८.८ कोटी डॉलरची देणगी दिली, त्यामुळे बिग टेन या बलाढ्य गटात हॉकी खेळणारी सहा विद्यापीठे झाली, त्यांनी आपला स्वतंत्र हॉकी विभाग काढला, धास्तावलेल्या दुसऱ्या मोठ्या संघांनी आणखी एक वेगळा गट मांडला, आणि या उलथापालथीत सीसीएचए बुडाला व डब्ल्यूसीएचएमध्ये लहान विद्यापीठेच तेवढी उरली. त्यांना भर हवी होती. जानेवारी २०१३ मध्ये हंट्सव्हिलला दहावा सभासद म्हणून घेण्यात आले. ज्या घरात त्याला जागा मिळाली ते मात्र नकाशावर विचित्र पसरलेले होते: चार सभासद मिशिगनमध्ये, दोन मिनेसोटात, एक ओहायोत, दोन थेट अलास्कात आणि एक अलाबामात. हंट्सव्हिल ते फेअरबँक्स हे अंतर सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरहून अधिक भरते. दोन दिवसांत दोन सामने खेळण्यासाठी पंचवीसएक विद्यार्थ्यांनी इतका प्रवास करायचा आणि सोमवारी वर्गात बसायचे, असा तो बेत होता.

जून २०१९ मध्ये दहापैकी सात सभासदांनी आपण दोन वर्षांनी बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. मिशिगनचे चार, मिनेसोटाचे दोन आणि ओहायोचा एक असे ते सात होते, आणि त्यांत बेमिजीही होते. वगळले गेले ते अलास्काचे दोघे आणि हंट्सव्हिल. दहा जणांच्या भिशीतून सात जण एका सकाळी उठून शेजारच्या घरात नवी भिशी लावतात, तेव्हा मागे राहिलेल्या तिघांजवळ जुन्या वहीखेरीज काही उरत नाही. सातांच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. ती विद्यापीठेही श्रीमंत नव्हती, लांबच्या विमानप्रवासाचा भार त्यांच्याही अंदाजपत्रकावर पडत होता, आणि बसने चार-सहा तासांत पोचता येईल अशा शेजाऱ्यांशी खेळावे ही इच्छा गैर म्हणता येणार नाही. परंतु त्याच सात संघांनी आठवा सभासद शोधला तेव्हा तो ठरला मिनेसोटातल्या सेंट पॉलचे सेंट थॉमस विद्यापीठ, जे तोवर तिसऱ्या श्रेणीत खेळत होते. म्हणजे पहिल्या श्रेणीतला अनुभव ही पात्रता धरलीच नव्हती, पत्ता तेवढा पाहिला होता. नव्या गटाने नाव घेतले तेही जुनेच, सीसीएचए. दहा वर्षांपूर्वी हंट्सव्हिलला ज्या दारातून परत पाठवले होते त्याच दारावरची पाटी पुन्हा लावली गेली.

यानंतरची दोन वर्षे हा संघ ओढत-फरफटत चालला. २०१९-२० मध्ये त्याला दोनच सामने जिंकता आले. मे २०२० मध्ये, कोविडच्या साथीने विद्यापीठांची मिळकत आटलेली असताना, हॉकीबरोबर पुरुष व महिला टेनिसचे संघही बंद केल्याचे जाहीर झाले. टेनिसपटूंसाठी कोणी धावून आले नाही. हॉकीसाठी मात्र वर उल्लेखिलेली लोकवर्गणी आठवड्याभरात जमली आणि एका हंगामाची मुदत मिळाली. अट सरळ होती, कायमचा गट शोधा. तो सापडला नाही. मार्च २०२१ मध्ये डब्ल्यूसीएचएचा पुरुष विभाग विसर्जित होण्याच्या मार्गाला लागला आणि मे महिन्यात विद्यापीठाने संघ स्थगित केला. स्थगित हा शब्द वापरून दार किलकिले ठेवण्यात आले खरे, पण खेळाडूंना दुसरीकडे जाण्याची मोकळीक दिली की मागे संघ म्हणून काही राहत नाही.

या घटनेत विद्यापीठाच्या प्रशासनाला खलनायक ठरवण्याचा मोह चाहत्यांना होतो, आणि तो समजण्यासारखा असला तरी पूर्ण न्याय्य नाही. दुसऱ्या श्रेणीच्या संस्थेने एक खेळ पहिल्या श्रेणीत चालवणे म्हणजे त्या खेळाला बाकीच्या सर्व खेळांच्या वाट्यातून झुकते माप देणे. दर वर्षी दहा-पंधरा लाख डॉलरचा असा खर्च कोणत्या तत्त्वावर करावा हा प्रश्न खोटा नव्हता. मात्र प्रशासनाने गटाचा प्रश्न माजी खेळाडूंवर सोपवला, हे टीकेस पात्र आहे. वर्गणी चाहते काढू शकतात, पण विद्यापीठा-विद्यापीठांतले करार अध्यक्षांनीच करायचे असतात. त्याच अलाबामा विद्यापीठ-व्यवस्थेतील बर्मिंगहॅम शाखेने डिसेंबर २०१४ मध्ये फुटबॉल संघ बंद केला होता आणि सहा महिन्यांत निर्णय फिरवून २०१७ मध्ये तो मैदानात परत आणला. तेथे त्याचा गट त्याची वाट पाहत थांबला होता. अलाबामात फुटबॉल हा धर्माच्या जवळ जाणारा विषय आहे, एवढाच फरक नव्हता.

संघ गेल्याने काय गेले, याचे उत्तर विजेतेपदांच्या यादीत शोधू नये. डग रॉस यांचा मुलगा जॅरेड हंट्सव्हिलमध्ये वाढला, त्याच विद्यापीठाकडून खेळला आणि फिलाडेल्फिया फ्लायर्सकडून एनएचएलमध्ये उतरला. अलाबामात जन्मून वाढलेला त्या पातळीवरचा तो पहिला खेळाडू मानला जातो. त्याच गावात जन्मलेला निक डाउड वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून अनेक हंगाम खेळला. गावात विद्यापीठाचा संघ आहे म्हणून लहान मुलांचे संघ, म्हणून बर्फाचे सराव-मैदान, म्हणून पोरांना शिकवायला तयार असलेले माजी खेळाडू, अशी ती साखळी होती. हॅव्हॉक हा व्यावसायिक संघ फॉन ब्राउन संकुलात अजून खेळतो आणि गर्दीही खेचतो, परंतु व्यावसायिक खेळाडू करार संपला की गाव सोडतात. विद्यापीठातून पदवी घेतलेले कित्येक कॅनेडियन तेथेच नोकरीला लागून, संसार थाटून राहिले होते.

अलास्काच्या दोघांचे पुढे काय झाले ते नोंदवले पाहिजे, कारण हंट्सव्हिलच्या निर्णयाचे मोजमाप त्यावरूनच करता येते. अँकरेजच्या विद्यापीठाने २०२० मध्ये हॉकी बंद करण्याचे ठरवले, चाहत्यांनी तीस लाख डॉलर जमवले आणि २०२२-२३ च्या हंगामात तो संघ गटाविना परतला. फेअरबँक्सचा संघ २०२१-२२ पासून गटाविना खेळत राहिला. पेनसिल्व्हेनियातील रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने हंट्सव्हिलनंतर काहीच आठवड्यांत आपले पुरुष व महिला असे दोन्ही संघ बंद केले. लोकांच्या दबावाने तेही २०२३-२४ मध्ये परत आले. दरम्यान अ‍ॅरिझोना स्टेट, लाँग आयलंड, लिंडनवुड आणि स्टोनहिल हेही गटाविना खेळत होते. २०२२-२३ च्या हंगामात, म्हणजे हंट्सव्हिलने हात टेकल्यानंतर दीडएक वर्षात, पहिल्या श्रेणीत कोणत्याही गटात नसलेले सहा संघ होते आणि ते एकमेकांना तारखा देऊन हंगाम भरून काढत होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या थेट प्रवेशासाठी गटात किमान सहाच सभासद लागतात. हंट्सव्हिल तोवर टिकले असते, तर ते सातवे ठरले असते.